पाणी चढतंय की उतरतंय

१४ फेब्रुवारी २००५

पहिल्या पानावर आपलं नाव लिहावं म्हणतात. तर मी वर्षाराणी. तालुका शिरोळ, गाव अगदी नदीला चिकटून. गावच्या दूध संस्थेत कारकून. आज जयसिंगपूरच्या क्लासमध्ये सोमशेखर सर म्हणाले, "जे शिकाल ते घरी जाऊन आपल्या शब्दांत लिहा." कॉलेजातली पोरं फिदीफिदी हसली. मी नाही हसले. एसटीत उभी राहून जाते ती काय हसायला?

हा क्लास मला सुखासुखी मिळालेला नाही. नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण वहीला कान नाहीत. शिवशरण कबनूरला यंत्रमागावर असतात, सुट्टीला गावी येतात. त्यांच्या मनात एकच: बिऱ्हाड कबनूरला न्यायचं, मी घरात बसून मागासाठी सूत गुंडाळत कांड्या भरायच्या, आणि अप्पांनी मळा सोडून खोलीवर यायचं. अप्पा म्हणजे माझे सासरे, भरमाप्पा. अव्वा, म्हणजे सासूबाई, गेल्यापासून ते नदीकडच्या मळ्यात छपरात एकटेच राहतात, म्हशींच्या सोबतीनं. गावातल्या घरात मी आणि माझी सहा वर्षांची दानू.

संस्थेत संगणक आला आणि शिकायला कोण जातंय म्हणून चेअरमन गणपतरावांनी विचारलं, तेव्हा मी हात वर केला. घरात भांडण झालं. शिवशरण म्हणाले, "बाईमाणसानं तालुका फिरायचा आन् घर कुणी बघायचं?" अप्पा भाकरी मोडत होते. मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे तिला. माज्या जबाबदारीवर."

"बरं. पर एक डाव जरी त्या यंत्रानं घोळ घातला, तर त्ये बंद. आन् तुमी दोघंबी कबनूरला."

अप्पा म्हणाले, "व्हय." एवढंच. मळा पणाला लावला म्हाताऱ्यानं माझ्यासाठी, आणि वर आणखी भाकरी मागितली.

२३ फेब्रुवारी

आज डोकं भणभणलं. सरांनी फळ्यावर लिहिलं, क = क + १. मी उभी राहून म्हटलं, सर, हे कुठल्या शाळेत खरं असतंय? पाच बरोबर सहा होईल का कधी?

सर म्हणाले, इथं = म्हणजे 'बरोबर' नाही. उजवीकडचा हिशोब आधी करायचा आणि आलेलं डावीकडच्या डब्यात ओतायचं. मग कळलं. किटलीत पाच लिटर आहे, त्यात एक ओतलं, आता त्याच किटलीत सहा. यात काय खोटं आहे? रोज तेच तर करते मी. सगळ्या वर्गात मलाच आधी समजलं, हे इथं लिहून ठेवते.

५ मार्च

संगणकाइतका हेकट प्राणी मी सासरी-माहेरी कुठं बघितला नाही. एक कंस सुटला की सिंटॅक्स एरर. आकड्याच्या जागी अक्षर पडलं की म्हणतो, रीडू फ्रॉम स्टार्ट. पुन्हा पहिल्यापासून! आणि आज सरासरी काढताना ज्या गवळ्यानं महिनाभर दूधच घातलं नव्हतं त्याच्या शून्यानं भागायला लावलं, तर मधेच गपकन बंद पडला. शून्यानं भागता येत नाही. ते मलाही येत नाही, पण मी अशी रुसून बसत नाही.

२० मार्च

चुका तीन जातीच्या. पहिली लिहिण्यातली. ती दारातच अडवतात, आत येऊ देत नाहीत. दुसरी चालताचालता होणारी, त्या शून्याच्या भागाकारासारखी. तीही कळते, कारण काम बंद पडतं. तिसरी विचारातली. तिच्यात सगळं सुरळीत चालतं, उत्तर येतं, आणि ते चुकीचं असतं.

मी विचारलं, "मग ती कळायची कशी?"

सर म्हणाले, "तपासून. नाहीतर नुकसान झाल्यावर."

मला हे काही पटलं नाही. आपण लिहिलेलं आपल्याला कळत नसेल, तर लिहावंच कशाला?

७ एप्रिल

घरचा अभ्यास: लहान, मोठं, समान, म्हणजे <, > आणि = ही चिन्हं वापरून आपल्या रोजच्या कामातलं काहीतरी करून आणा. पोरांनी परीक्षेचे मार्क आणले. मला आज संध्याकाळी दूध घेतानाच सुचलं. प्रत्येक माणूस संस्थेत आला की विचारतो, "पाणी चढतंय की उतरतंय?" पुलाच्या खांबावर फूट आणि इंचाची पट्टी रंगवलेली आहे. तिथला वॉचमन दोन वेळा फोन करून आकडा सांगतो, कारण दुधाची गाडी पुलावरनं जाते. पावसाळ्यात सगळ्या नदीकाठचं लक्ष त्या पट्टीवर असतं. बेचाळीस फुटाला आमच्या मळ्याच्या वाटेवरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, बुडते, आणि मग मळ्यातला माणूस मळ्यातच.

तर प्रोग्राम असा. मागचा आकडा संगणकाकडं असतो. नवा टाकायचा. नवा मोठा असेल तर 'चढतंय', लहान असेल तर 'उतरतंय', सारखा असेल तर 'आहे तसंच'. फूट एका डब्यात आणि इंच दुसऱ्यात असं आधी केलं होतं, पण त्यात दोन-दोनदा टाकायला लागतं. मी मधे टिंब दिलं. नऊ फूट चार इंच म्हणजे ९.४. एकच आकडा, एकदाच एंटर. सुटसुटीत.

सरांनी बघून शाबास म्हटलं.

१३ एप्रिल

एक गंमत. आज दहा फूट दोन इंचांवरनं पाणी नऊ फूट दहा इंचांवर आलं. ९.१० टाकलं. 'उतरतंय' बरोबर आलं, पण आकडा छापला तो ९.१. शून्य खाऊन टाकलं! सरांना फोन केला. ते घाईत होते. म्हणाले, "टिंबानंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते मॅडम, ते दाखवत नाही."

बरं, दाखवू नको. मी आकडा छापायची ओळच काढून टाकली. नुसता शब्द येऊ दे. लोकांना शब्दच हवा असतो.

१८ जून

फळा आता गावभर गाजतोय. संस्थेच्या भिंतीवर काळा फळा टांगलाय. संगणक म्हणेल तो शब्द ज्ञानू त्याच्यावर खडूनं लिहितो. ज्ञानू म्हणजे आमचा दूध मोजणारा. हात चांगला, अक्षर त्याहून चांगलं. अप्पा रोज संध्याकाळी दूध घालायला आले की आधी फळा वाचतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "माज्या सुनंनं केलंय. यंत्र हाय, माणसागत खोटं बोलत न्हाय." मला लाजल्यासारखं होतं, आणि बरंही वाटतं. सगळं बरंच वाटतं, खोटं कशाला लिहू?

९ जुलै

पावसानं जोर धरला. परवा संध्याकाळी फळ्यावर 'उतरतंय' होतं आणि सकाळी नदी चांगली दीड फूट वर. ज्ञानूनं विचारलं, "असं कसं ओ?" म्हटलं, नदी काय आपल्याला विचारून चढते का? रात्रीतनं चढली असेल. संध्याकाळी उतरतच असेल.

माझी परीक्षा २५ तारखेला कोल्हापुरात आहे. तेवढे दिवस फळा ज्ञानूकडं. त्याला पक्कं शिकवलं: फोन आला की आकडा टाक, एंटर मार, येईल ते लिही. स्वतःचं डोकं घालू नकोस. तो म्हणाला, "डोकं कुठनं आणू?"

२३ जुलै

अडतीस फूट. शिवशरणचा फोन, अप्पांना गावात आणा म्हणून. मी दानूला घेऊन मळ्यात गेले. अप्पा म्हशीच्या पायाला औषध लावत बसले होते. म्हणाले, "एवढ्यात कुठं? जनावरं घिऊन गावात कुणाच्या दारात बांधू? मोरी बुडायला अजून चार फूट हायत. रोज सांजचं फळा बघून येतो. चढाय लागलं की त्याच पावली म्हशी सोडतो."

"नक्की?"

"व्हय की. तुजा फळा हाय न्हवं?"

उद्या पहाटेच्या गाडीनं दानूला घेऊन निघते. मुक्काम मुडशिंगीला, आक्काकडं. आक्का माझी थोरली बहीण.

२७ जुलै, गडमुडशिंगी

परीक्षा झाली. सोपी होती. पण रस्ते बंद झालेत. गावाकडं फोन लागत नाही. टीव्हीवर नुसतं पाणीच पाणी दाखवतात, आपलं गाव कुठलं ते ओळखू येत नाही. आक्काचे मालक म्हणतात, काळजी करू नको, माणसं शहाणी असतात. मीही स्वतःला तेच सांगतेय. फळा आहे, ज्ञानू आहे. अप्पा कधीच गावात आले असतील. दानू खिडकीत बसून विचारते, "अप्पा आज्जाला पोहता येतंय का?" येतं, म्हटलं. तरुणपणी येत होतं, हे नाही सांगितलं.

४ ऑगस्ट

घरी आले. 

अप्पा जिवंत आहेत. बाकी काय लिहू?

२५ तारखेच्या संध्याकाळी ते दूध घालून मळ्यात परत गेले, आणि रात्रीत नदी फुगली. मोरी बुडाली. छपरात पाणी आलं तेव्हा त्यांनी म्हशींची दावी कापली. एक पोहत गावच्या अंगाला लागली. दोन वाहून गेल्या. अप्पा पत्र्यावर चढून बसले. पुढचा अख्खा दिवस आणि रात्र ते तिथंच. बोट मिळेना, तेव्हा गुऱ्हाळातली काहील, गूळ शिजवायची ती भली मोठी कढई, पाण्यात सोडून ज्ञानू आणि गणपतराव गेले आणि त्यांना घेऊन आले. त्या दोघांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

शिवशरण मला म्हणाले, "तुझा फळा काय करत होता?"  अप्पा कोपऱ्यात घोंगडं पांघरून बसलेले, तिथनंच म्हणाले, "फळ्यावर चढतंय लिवलंतं. मलाच उतरतंय दिसलं. डोळं गेलं माजं."

संस्थेत पाणी शिरून संगणक बाद झाला आणि फळा तर केव्हाच धुऊन निघाला होता. त्या संध्याकाळी नदीकडनं अप्पा एकटेच दूध घालायला आले होते, बाकीच्यांनी आधीच जनावरं हलवलेली, आणि त्या पावसात गावातलं कुणी फळ्याकडं फिरकलं नव्हतं. ज्ञानूला विचारलं. तो म्हणाला, "अप्पा म्हणत्यात तसंच," आणि गोठ्यातला गाळ काढायचाय म्हणून निघून गेला.

मला अप्पांचा राग आला. दिसत नव्हतं तर सांगायचं नाही? कुणाला वाचायला सांगायचं नाही? जीव गेला असता की! आणि या सगळ्याच्या आत, अगदी पहिलं, मनात काय आलं तेही लिहिते, कारण ही वही माझी आहे. मनात आलं, देवा, माझा प्रोग्राम चुकला नाही.

१३ ऑगस्ट

पूरग्रस्तांसाठी शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं. शिवशरण आणि मी अप्पांना घेऊन गेलो. भिंतीवरच्या तक्त्याची वरची मोठी ओळ अप्पांनी वाचली आणि खाली म्हणाले, "सगळं धूर धूर हाय." डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं, पुन्हा बघितलं. म्हणाले, मोतीबिंदू तर नाही. रांग केवढी होती मागं! शेवटी टेबलावरच्या चष्म्यातला एक घालून विचारलं, "यातनं बरं दिसतंय?" अप्पा म्हणाले, "लई बरं."

असले डॉक्टर. नीट तपासायला नकोत?

शिवशरणनी ठरवलं. अप्पांना दिसत नाही, तेव्हा मळ्यात एकटं ठेवणं नाही. राहिलेली म्हैस मेव्हण्याच्या दावणीला, अप्पा कबनूरला. मी घाबरत विचारलं, "आणि मी?" ते म्हणाले, "तुझी काय चूक? तू ऱ्हा. कर नोकरी." अप्पा चष्मा पुसत होते. ते जरा हसले असं मला वाटलं.

१७ ऑगस्ट

दानूच्या पायात बाभळीचा काटा मोडला. माझ्याच्यानं निघेना, एवढासा होता. अप्पांनी तिला मांडीवर घेतलं, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि सुईनं एका झटक्यात काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी ओरडले, चष्मा लावून काढायचा की, पोरीचा पाय फाडला असता! ते म्हणाले, "सवय न्हाई गं अजून." सवय व्हायला वेळ लागणारच.

२९ ऑगस्ट

आज अप्पा कबनूरला गेले. जाताना मळ्यातनं चक्कर मारून आले. तिथं आता गाळ आणि मोडलेला ऊस, दुसरं काही नाही. तरी बराच वेळ उभे होते. एसटीत बसताना मला म्हणाले, "शिक. थांबू नगंस." ज्ञानू निरोप द्यायला आला नाही. पुरानंतर तो माझ्याशी धड बोलतच नाही. त्याचंही घर पडलंय, त्याचा त्रास असेल.

२ ऑक्टोबर

कबनूरला जाऊन आले. खोलीला एक खिडकी, तिच्यासमोर मागाच्या शेडची भिंत. सकाळपासून खडखड, खडखड. बोलायचं तर ओरडून बोलायला लागतं. अप्पा खाटेवर बसून असतात. पूर्वी या वेळेला त्यांच्या हाताला उसंत नसायची, आणि आता हात मांडीवर ठेवून बसलेले. जेवण अर्ध्यावर आलंय. शेजारची बायडाबाई सांगत होती, पहाटे उठून रस्त्यावर जाऊन उभे राहतात, कुणाचं जनावर दिसतंय का बघायला.

मला बघून पहिलं विचारलं, "नवा संगणक आला?"

अजून नाही, म्हटलं.

"आला की फळा चालू कर."

बाहेर आल्यावर शिवशरण म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याला मळा गणपतरावांना वाट्यानं देऊन टाकू. अप्पांचं मन तिकडं अडकून पडलंय, ते तुटलं की रुळतील हितं."  ज्याला दिसत नाही त्यानं शेती कशी करायची?

२१ ऑक्टोबर

नवा संगणक आला. प्रोग्राम पुन्हा लिहून काढला. ज्ञानू दारातनं बघत होता. म्हणाला, "फळा नगो ओ परत."

"का?"

"उगंच."

उगंच काय, उगंच? चार अक्षरं शिकवली तर माणसाला वर जावंसं वाटायला हवं. फटकारलं मी त्याला.

२७ ऑक्टोबर

सरांनी नवीन धड्यात सांगितलं होतं, प्रोग्राम तपासताना मधले चार-दोन आकडे टाकून भागत नाही, कडेचे टाकायचे, ओळीनं टाकायचे. एकही गाळायचा नाही. म्हणून आज दूध घेऊन झाल्यावर एक-एक इंच चढवत बसले. एकेचाळीस फूट एक इंच, दोन, तीन. चढतंय, चढतंय, चढतंय. आठ, चढतंय. नऊ, चढतंय. दहा.

उतरतंय.

मला वाटलं बोट चुकलं. पुन्हा टाकलं. उतरतंय.

संगणकाला फूट-इंच कुठं माहीत? माझं टिंब त्याच्या लेखी दशांश. ४१.१० म्हणजे ४१.१, आणि ते ४१.९ पेक्षा लहान. आपला फूट बारा इंचांचा, त्याचा दहाचा. त्यानं शून्य खाल्लं ते मला दिसलं होतं. दिसलं, आणि मी काय केलं, तर ती ओळच काढून टाकली.

ज्ञानूला आत बोलावलं. दार लावलं. "त्या दिवशी आकडा काय टाकलास?"

तो दाराच्या कडीशी चाळा करत राहिला.

"ज्ञानू, आकडा सांग."

"दुपारी एकेचाळीस आठ. सांजच्याला फोन आला, एकेचाळीस दहा. टाकलं. यंत्र म्हणालं उतरतंय. मला वाईच इचित्र वाटलं, पर तुमी सांगितलंतं डोकं घालू नगंस. लिवलं."

"आणि अप्पांनी काय वाचलं?"

"उतरतंय. मोठ्यांदा वाचलं. म्हणालं, मग म्हशी कशाला हलवायच्या? सुनंनं सांगितलंय न्हवं." तो रडायला लागला. "काहिलीतनं खाली उतरले तवा उभं ऱ्हायाला येत न्हवतं त्यास्नी. तरी मला बाजूला घेतलं. गळ्यातलं इष्टलिंग हातात धरून आण घातली. म्हणालं, फळ्यावर चढतंय लिवलंतंस तू. कुणी इचारलं तर ह्येच. माज्या सुनंचं शिक्षण बंद पाडतील ही."

 आपण लिहिलेलं आपल्याला कळत नाही, असं होतं तर.

दुरुस्ती सोपी निघाली. फूट गुणिले बारा, अधिक इंच. गुणाकार आधी, बेरीज मग. सगळे इंच करून मग तुलना. एका ओळीचं काम. एकच ओळ, आणि दोन म्हशी गेल्या, आणि अप्पा त्या भिंतीसमोर जाऊन बसले.

२९ ऑक्टोबर

कबनूरला गेले. शिवशरण पाळीवर होते. अप्पांना सगळं सांगितलं, टिंबाचंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "दुरुस्त झालं?"

"झालं. पण अप्पा, तुम्ही का..."

"कुणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग नगं बोलूस." आवाज इतका करडा की मी दचकले. "म्हशी माज्या गेल्या. डोळं माजं हायत. मला काय दिसलं आन् काय न्हाय, त्ये मी सांगणार. तू कोण सांगणार?"

मी म्हटलं, तुमचा मळा जातोय. पाडव्याला कागद होणार. ते म्हणाले, "माजं आता किती राहिलंय? मळ्यात काय आन् हितं काय. तू हितं कांड्या भरत बसलीस तर दानूबी तेच करणार. गप घरला जा, वर्षव्वा."

मी पाया पडले आणि आले. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. रस्ताभर रडले, शेजारच्या बाईनं विचारलं कुणी गेलं का म्हणून.

२ नोव्हेंबर, पाडवा

मळ्याचा कागद झाला नाही. माझं काय करायचं ते संस्थेचे संचालक सोमवारी ठरवणार आहेत. शिवशरण अजून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. जे झालं ते क्रमानं लिहिते.

गणपतराव, शिवशरण आणि अप्पा सकाळच्या दुधाच्या वेळी संस्थेत भेटणार आणि तिथंच कागद करणार, असं ठरलं होतं. मी त्याआधी गेले. फळा ओल्या फडक्यानं पुसला, वाळू दिला. पुन्हा पुन्हा खडू मोडत होता. फळा लहान आणि लिहायचं जास्त, म्हणून अक्षर बारीक काढलं.

'२५ जुलैला संध्याकाळी या फळ्यावर पाणी उतरतंय असं लिहिलेलं होतं. ते चुकीचं होतं. चूक माझ्या प्रोग्रामची होती. ज्ञानूची नाही. अप्पांनी जे लिहिलं होतं तेच वाचलं. त्यांना नीट दिसतं. वर्षाराणी.'

दूध घालायला आलेली माणसं फळ्याशी गोळा झाली. कुणी मोठ्यानं वाचलं नाही. जो वाचून व्हायचा तो माझ्याकडं बघायचा आणि बाजूला सरायचा. गणपतरावांनी दोनदा वाचलं. ज्ञानू मापाशी उभा होता, त्याच्या हातातलं माप तसंच भरलेलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

तेवढ्यात फाटकातनं अप्पा आणि शिवशरण आत आले. सणाचा पांढरा शर्ट, डोक्याला पटका. चष्मा खिशातच होता. माणसांनी वाट दिली आणि फळा समोर मोकळा झाला. अप्पा फाटकातच थांबले. तिथनं फळ्यापर्यंत अख्खं अंगण आहे.

"पूस ते!" अप्पा एवढ्यानं ओरडले की किटल्या उतरवणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या. "वर्षव्वा, आदी पूस ते! कुणी लिवाय सांगितलंतं तुला?"

शिवशरण डोळे बारीक करून फळ्याकडं बघत होते. त्यांना तिथनं अक्षरं लागत नव्हती. मग त्यांनी हळूहळू मान वळवून अप्पांकडं बघितलं.

"अप्पा," ते म्हणाले, "काय लिवलंय तिथं?"

 अप्पा माझ्याकडं बघायला लागले. मी पुसायला पुढं गेले नाही. 

अप्पांनी फाटकाचा गज धरला. मान खाली घातली.

"लिवलंय ते खरं हाय," म्हणाले.